आधी अंड्यांची वेळ विचारा, मग सहल ठरवा : मत्स्यबीज केंद्राविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सुट्टीत दोन मुलांना घेऊन मत्स्यबीज केंद्र पाहायला गेलो. दुपारी बारा वाजता पोचलो तर गोल हौद कोरडे आणि तळ्यात गढूळ पाणी, एवढंच दिसलं. मुलं हिरमुसली. मग जायचं तरी कधी?

कोरडे हौद दिसले याचा अर्थ एक तर हंगाम नव्हता किंवा दोन बॅचच्या मधला दिवस होता. कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प गटातले मासे पावसाळ्यात, पाणी साधारण २६ ते ३१ अंश सेल्सिअस असताना अंडी देतात. एरवी गोल हौद धुऊन वाळवून ठेवलेले असतात आणि नर-माद्या मातीच्या तळ्यात असतात, तिथे वरून काहीच दिसत नाही. सायप्रिनसची (हाही कार्पच) अंडी थंडी सरताना मिळतात, थंड पाण्यातल्या ट्राउट माशाची भर थंडीत. त्यामुळे केंद्रात कोणता मासा आहे हे आधी कळायला हवं.

हंगामातही सगळा खेळ तासांचा असतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास नर-माद्यांना प्रजननाला चालना देणारं इंजेक्शन देऊन प्रजनन हौदात सोडतात. आठ ते बारा तासांनी, म्हणजे रात्री दोन ते पहाटे सहाच्या दरम्यान, माद्या अंडी टाकतात आणि नर ती फलित करतात. सकाळी ही अंडी उबवणी हौदात फिरत असतात. दुपार होईपर्यंत अंड्याच्या आत गर्भ वळवळायला लागतो. फलनानंतर १४ ते १८ तासांत, म्हणजे त्याच संध्याकाळी किंवा रात्री, पिल्लं बाहेर पडतात. पुढचे सुमारे तीन दिवस ती पोटाखालच्या बलकावर जगतात. बलक संपत आला, तोंड उघडलं, आडवं पोहायला लागली, की त्यांना ‘जिरे’ म्हणून काढून संगोपन तळ्यात सोडतात किंवा पिशव्यांत भरतात. नाव अगदी नेमकं आहे: पाच ते आठ मिलिमीटरचा तो जीव खरोखर जिऱ्याच्या दाण्याएवढाच दिसतो.

एकच फेरी करायची असेल तर सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. दोन फेऱ्या जमत असतील तर आदल्या संध्याकाळी इंजेक्शन पाहा आणि दुसऱ्या सकाळी अंडी. मुलांना मधली रात्र थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यातच अर्धी गंमत आहे. दुपारी मात्र जाऊ नका. पाणी तापलेलं असतं, तापलेल्या पाण्यात मासे हाताळणं टाळतात, म्हणून कामं सकाळीच उरकलेली असतात.

निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा. सध्या इंजेक्शन चालू आहे का? शेवटची बॅच कोणत्या संध्याकाळी लागली? जिरे कधी काढणार? लागोपाठच्या दिवसांत बॅच लागल्या असतील तर शेजारशेजारच्या हौदांत अंडी, कालची पिल्लं आणि तीन-चार दिवसांपूर्वीच्या बॅचचे जिरे एकाच सकाळी पाहायला मिळतात. असा दिवस मिळाला तर बाकीचे बेत खुशाल बाजूला ठेवा.

प्रश्न : उबवणीचा हौद गोलच का असतो आणि पाणी सतत फिरतं का ठेवतात? मुलीने विचारलं, मला सांगता आलं नाही.

कटला, रोहू आणि मृगळ हे मुळात नदीचे मासे. पूर आला की ते उथळ काठाला येऊन अंडी टाकतात आणि अंडी प्रवाहाबरोबर वाहत जातात. ती चिकट नसतात आणि पाण्यापेक्षा किंचित जड असतात. पाण्यात पडल्यावर ती पाणी शोषून चार-पाच मिलिमीटरपर्यंत फुगतात आणि काचेच्या मण्यांसारखी पारदर्शक दिसतात. पाणी थांबलं तर तळाशी बसून एकमेकांवर साचतात, खालच्या थराला प्राणवायू मिळत नाही आणि अंडी गुदमरतात. चौकोनी हौदाच्या कोपऱ्यात पाणी मंदावतं, तिथे हेच होईल. गोल हौदात कोपराच नाही.

पाणी फिरवायला पंखा वगैरे काही नसतो. उंचावरच्या टाकीतून पाणी येतं आणि हौदाच्या तळाला बसवलेल्या, बदकाच्या चोचीसारख्या चपट्या तोट्यांतून तिरकं बाहेर पडतं. सगळ्या तोट्या एकाच दिशेला वळलेल्या असल्याने सगळं पाणी गोल फिरू लागतं. मधोमध जाळीच्या कापडाचं एक गोल कडं असतं. जास्तीचं पाणी त्यातून गाळून मधल्या नळावाटे निघून जातं, अंडी बाहेरच राहतात. नेहमीच्या मांडणीत उबवणी हौद तीनेक मीटर व्यासाचा असतो. प्रजनन हौद बराच मोठा, आठेक मीटरचा, मध्याकडे उतार असलेला.

मुलीला हौदातला एखादा बुडबुडा नजरेत धरून एक फेरा मोजायला सांगा. अंडी असताना वेग बेताचा हवा. फार जोर झाला तर अंड्याचं कवच वेळेआधी फाटतं आणि अर्धवट वाढलेलं पिल्लू बाहेर पडून मरतं. पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास वेग आणखी कमी करतात. याच वेळी एक कामगार मधली जाळी हाताने किंवा मऊ ब्रशने सारखी चोळताना दिसेल. फुटलेली कवचं जाळीला चिकटून तिची छिद्रं बुजवतात. जाळी तुंबली की पाणी वर चढतं, कड्यावरून आत सांडतं आणि त्याबरोबर लाखो पिल्लं नळात जातात. रात्रभर जाळी चोळत बसणारा तो माणूस संपूर्ण केंद्रातला सर्वांत महत्त्वाचा आहे, असं आमचं प्रामाणिक मत. त्याच्याशी मुलांना जरूर बोलू द्या, फक्त त्याचे हात न थांबवता.

सायप्रिनसची गोष्ट अगदी निराळी. त्याची अंडी चिकट, त्यामुळे ती गोल हौदात घालत नाहीत. कापडी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीदार कापडाच्या पिंजऱ्यात, पाणवनस्पतींच्या किंवा सोललेल्या प्लॅस्टिक दोरीच्या जुड्या ठेवतात, मादी त्यांवर अंडी चिकटवते. अशी जुडी दिसली तर जवळून पाहा, वर साबुदाण्यासारखे दाणे असतील.

प्रश्न : माशांना इंजेक्शन देताना पाहून माझी आठ वर्षांची मुलगी रडली. ते खरंच गरजेचं असतं का? माशाला इजा होते का?

तिचं रडणं समजण्यासारखं आहे, म्हणून तिला कारण पूर्ण सांगा. तळ्यातल्या मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर टाकण्याचा इशारा पुराच्या पाण्यातून येतो. साचलेल्या तळ्यात पूर येत नाही, इशारा मिळत नाही आणि काही आठवड्यांत ती अंडी मादीच्या शरीरातच जिरून जातात. इंजेक्शन तो इशारा देतं.

माशाच्या मेंदूखाली पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते. तिच्यातून सुटणारी संप्रेरकं अंडी पक्व करून सोडायला लावतात. १९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेत या ग्रंथीचा अर्क टोचून माशांकडून अंडी मिळवण्याचे प्रयोग झाले. भारतात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प माशांवर हे साधलं. त्याआधी मत्स्यबीज मिळवायचं म्हणजे पुराच्या नदीत जाळी लावून मिळेल ते गोळा करायचं. त्यात कोणत्या जातीची पिल्लं किती, शिकारी माशांची किती, काही सांगता येत नसे. आज १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो यासाठीच.

ग्रंथीचा अर्क वापरायचा तर मादीला दोन डोस लागतात. पहिला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅमचा, साधारण सहा तासांनी दुसरा पाच ते आठ मिलिग्रॅमचा, आणि नराला त्या दुसऱ्या वेळी एकच. आता बहुतेक ठिकाणी तयार संप्रेरक वापरतात. त्यातला एक घटक पीयूषिकेला चालना देतो, दुसरा तिच्यावरचा लगाम सैल करतो. त्यामुळे नर-मादी दोघांना एकाच वेळी एकच डोस पुरतो: रोहूच्या मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, कटल्याच्या मादीला ०.४ ते ०.५, नराला ०.१ ते ०.२. म्हणजे चार किलोच्या कटला मादीला दोन मिलीपेक्षा जास्त औषध जात नाही. मासा दोनदाऐवजी एकदाच पाण्याबाहेर येतो, हा तयार औषधाचा आम्हाला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

सुईने फारशी इजा होत नाही. खरा धोका हाताळणीत असतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगांपासूनचं कवच. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळ्याने तो निघाला की दोन दिवसांत तिथे बुरशी धरते. म्हणून मासा ओल्या कापडात धरून ओल्या फोमवर ठेवतात, डोळे झाकतात (डोळ्यांवर अंधार आला की तो शांत होतो) आणि शेपटीजवळ, मधल्या रेषेच्या जरा बाजूला, खवल्याखालून तिरकी सुई घालतात. सगळं मिळून अर्धा मिनीटसुद्धा लागू नये. कुठे मासे तडफडत जमिनीवर पडलेले दिसले तर ती रीत चुकीची आहे, आणि मुलीला तसं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

तिला आणखी एक काम द्या. नर-मादी ओळखायला लावा. हंगामात नराच्या छातीचे पर बोट फिरवल्यावर खरखरीत लागतात, मादीचे गुळगुळीत. मादीचं पोट फुगीर आणि मऊ, नराचं पोट हलकं दाबलं तर दुधासारखा थेंब येतो. स्पर्श कामगाराने करायचा, तिने बघायचं.

प्रश्न : हौदात काही अंडी काचेसारखी, काही पांढरीफट्ट दिसली. दोन प्रकारचे मासे होते का?

नाही. पांढरी अंडी मेलेली किंवा फलितच न झालेली. सकाळी केंद्रातला माणूस भांड्यात थोडी अंडी घेऊन मोजतो तो हाच हिशोब: १०० मध्ये पारदर्शक किती? ८० ते ९० असतील तर बॅच चांगली. निम्मी पांढरी असतील तर नर कमी पडले, माद्या पुरत्या तयार नव्हत्या किंवा पाण्याचं तापमान बिघडलं, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं.

प्रश्न : एवढी बारीक पिल्लं मोजतात कशी? ‘दोन लाख जिरे’ असं ते छातीठोकपणे सांगत होते.

मापाने. तळाला जाळी असलेला छोटा कप जिऱ्यांनी भरून पाणी निथळतात, त्यातले जिरे एकदा खरोखर मोजतात आणि मग नुसते कप मोजतात. कार्पचे जिरे एका मिलीला सुमारे ५०० बसतात. दोन लाख म्हणजे ४०० मिली, पाण्याच्या लहान बाटलीएवढे! हा हिशोब मुलांना तिथल्या तिथे करायला लावा. चूक होते ती निथळताना. पाणी नीट निथळलं नाही तर कपात जिऱ्यांबरोबर पाणीही मोजलं जातं, आणि फार वेळ निथळत ठेवलं तर खालचे जिरे चिरडतात.

पुढचा हिशोबही सांगा, तो मुलांच्या लक्षात राहतो. मातीच्या संगोपन तळ्यात १०० जिऱ्यांतून १५-२० दिवसांनी ३० ते ५० मत्स्यबीज (थोडी वाढलेली पिल्लं) हाती लागतं, आणि त्यातून दोन-तीन महिन्यांनी २० ते ३५ बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढे मासे. बाकीची कुठे गेली? बरीचशी पाणकिड्यांनी खाल्ली. तळ्याच्या काठावर पाच मिनिटं स्तब्ध बसलात तर पाठीवर उताणा पोहणारा, वल्ह्यांसारखे पाय मारणारा किडा दिसेल. जिऱ्यांचा तो मोठा शत्रू.

प्रश्न : केंद्रात शिरताना पाय लाल-जांभळ्या पाण्यात बुडवायला लावले. हौदात हातही घालू दिला नाही. एवढी कडक शिस्त कशाला?

ते बहुधा पोटॅशियम परमँगनेटचं पाणी. एका तळ्यातले रोगजंतू, परजीवी आणि बुरशी चिखलाबरोबर चपलेला चिकटून दुसऱ्या तळ्यात जातात. एका हौदात लाखो पिल्लं दाटीने असल्यामुळे रोग शिरला की बॅच वाचत नाही. चपला घासून चिखल काढा, मगच पाय बुडवा. चिखलाच्या थरातून औषध आत पोचत नाही. आदल्या दिवशी दुसऱ्या तळ्यावर मासेमारीला गेला असाल तर तीच पादत्राणं घालून येऊ नका.

हाताचं कारण आणखी साधं. सनस्क्रीन, डास पळवणारं मलम, सॅनिटायझर किंवा साबण यांचा अंश जिऱ्यांना घातक ठरू शकतो. मुलांना हात लावायचाच असेल तर साध्या पाण्याने नुसते धुऊन, ओल्या हाताने, आणि फक्त कामगाराने पुढे केलेल्या भांड्यात. त्याच भांड्यात भिंगाने पाहा. पांढऱ्या वाडग्यात किंवा काचेच्या पेल्यामागे काळा कागद धरून अंडं बघितलं तर आतला गर्भ, दुसऱ्या दिवशी बाहेर आलेल्या पिल्लाच्या डोळ्यांचे दोन काळे ठिपके, सगळं साध्या भिंगातून दिसतं.

खाणं टाकू द्यायचं की नाही ते केंद्राला विचारा. पाव-बिस्किटं नकोतच. ती फुगून सडतात, सडताना पाण्यातला प्राणवायू खातात. केंद्राने दिलेले दाणे असतील तर थोडे टाकून मासे ते संपवेपर्यंत थांबायचं, मग पुढचे.

आणि लहान मुलांचा हात सोडू नका. प्लॅस्टिकचं अस्तर लावलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की मोठ्या माणसालाही चढून बाहेर येता येत नाही. पाण्यात हवा मिसळणाऱ्या एअरेटरच्या वायरीही काठाकाठाने जातात.

प्रश्न : थंड प्रदेशात ट्राउटचं केंद्र पाहिलं. तिथे अंधार, शांतता, ट्रेला हात लावायलाही मनाई. कार्पच्या केंद्रात तर अंडी गरागरा फिरत होती. एकाला हालचाल चालते, दुसऱ्याला का नाही?

ट्राउट खडीच्या तळात खळगा करून अंडी पुरतो. तिथे अंधार असतो, अंडं हलत नाही, फक्त थंड पाणी खडीतून झिरपत राहतं. केंद्र त्याचीच नक्कल करतं. फलनानंतर साधारण ४८ तासांनी अंडं फार नाजूक होतं, आणि आत डोळे दिसू लागेपर्यंत तसंच राहतं. या काळात ट्रेला धक्का बसला तर गर्भ मरतो. थेट ऊन आणि ट्यूबलाइटचा उजेडही त्याला बाधतो. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा.

डोळे दिसले की चित्र पालटतं. मग कामगार अंडी मुद्दाम नळीने एका भांड्यातून दुसऱ्यात पाडून हादरे देतात. फलित अंड्यांना काही होत नाही, रिकामी अंडी मात्र पांढरी पडतात आणि वेचून काढता येतात. ती राहिली तर बुरशी धरून शेजारच्या जिवंत अंड्यांनाही गुंडाळते.

ट्राउटला लागणारा वेळ तापमानावर ठरतो. १० अंशाला अंडी सुमारे ३१ दिवसांत फुटतात, सातच्या आसपास ४८ दिवस लागतात. म्हणून ते ‘अंश-दिवस’ मोजतात: पाण्याचं रोजचं तापमान बेरजेत धरत जायचं, साधारण ३०० ते ३५० झाले की पिल्लं येणार. ट्रेवर तारीख लिहिलेली असते. मुलांना पाण्याचा थर्मामीटर वाचून ट्रे कधी फुटेल ते काढायला सांगा.

प्रश्न : केंद्रातून मत्स्यबीजाची पिशवी आणून बागेतल्या हौदात सोडली. तासाभरात निम्मी मेली, उरलेली चार दिवसांत. काय चुकलं?

पहिल्या तासातली मर बहुधा सोडण्याच्या पद्धतीमुळे. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि वर प्राणवायू असतो. प्रवासात मासे कर्बवायू आणि अमोनिया सोडत राहतात. कर्बवायूमुळे पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यात अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं हौदाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडून हौदाचं पाणी थोडं थोडं आत घाला आणि काही मिनिटांत पिशवी आडवी करून मासे स्वतःहून बाहेर जाऊ द्या. उघडी पिशवी ठेवून फोटो काढत बसू नका. घेतानाही एक विचारा: आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवले होते का? भरल्या पोटी पॅक केलेले मासे पिशवीत जास्त घाण करतात.

चार दिवसांतली मर क्लोरीनमुळे किंवा उपासमारीमुळे. नळाचं पाणी एअरेटर लावून दोन दिवस उघडं ठेवलं तर साधा क्लोरीन निघून जातो, क्लोरामाइन जात नाही, त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं औषध लागतं. आणि बारीक पिल्लं पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांवर वाढतात, स्वच्छ नव्या हौदात ते नसतातच. जिरे किंवा अगदी लहान बीज बागेच्या हौदासाठी घेऊच नका. ८ ते १० सेंटीमीटरची बोटुकली मागा, तीही मोजकी, १,००० लिटरला चार-पाच. मात्र कटला-रोहू किलोकिलोचे होतात, तेव्हा पुढे मोठं तळं नसेल तर तेही नको. हौद लहान पडला म्हणून ते जवळच्या ओढ्यात किंवा नदीत सोडू नका, केंद्रात फोन करून परत घेतात का ते विचारा.